उसनी पावले

कथकात विशारद व्हायचे तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’पासून ‘विशारद पूर्ण’पर्यंत सात परीक्षा द्याव्या लागतात. वर्षाला एक धरली तरी सात वर्षे. पडद्यावर कथक नर्तकी रंगवणाऱ्या नटीला त्याच विद्येसाठी काही आठवडे मिळतात, फार तर काही महिने. वैजयंतीमाला, पद्मिनी, वहिदा रेहमान, हेमा मालिनी, माधुरी दीक्षित अशा लहान वयापासून नृत्य शिकलेल्या अभिनेत्री सोडल्या, तर नाचाच्या भूमिका करणाऱ्या अनेकांनी नृत्याचा पहिला गंभीर धडा चित्रीकरणाच्या तोंडावरच घेतलेला असतो. त्यांनी त्या अवधीत काय कमावले, काय कमावणे शक्यच नव्हते आणि उरलेले कुणी भरून काढले, हे पाहिल्याशिवाय चित्रपटातल्या नृत्याचे मोल ठरवता येत नाही.

या वाटेवरचे सर्वांत धाडसी पाऊल परळच्या राजकमल कलामंदिरात पडले. व्ही. शांताराम यांनी १९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ पडद्यावर आणला. नायक होते गोपीकृष्ण: बनारसच्या परंपरेतले कथक नर्तक, सुखदेव महाराजांचे नातू, वय जेमतेम विशीचे. नायिका संध्या. ‘अमर भूपाळी’पासून (१९५१) ती शांतारामांच्या चित्रपटांत होती, पण नृत्याची तालीम तिच्या गाठीशी नव्हती. आणि या चित्रपटाचा तर विषयच नृत्य होता. केशवराव दाते यांचे मंगल महाराज मुलाला नृत्यस्पर्धेसाठी घडवतात आणि नीला (संध्या) त्याची जोडीदार होते, अशी ती कथा. एखादे गाणे निभावून नेण्याचा हा मामला नव्हता. संध्याने खुद्द गोपीकृष्ण यांच्याकडे कसून तालीम घेतली आणि त्यांच्याच शेजारी, रंगीत पडद्यावर, ती उभी राहिली.

आज तो चित्रपट पाहताना दोघांमधले अंतर लपत नाही. गोपीकृष्ण चक्कर संपवून समेवर येतात तेव्हा शरीर आपसूक स्थिरावते. संध्या थांबते तेव्हा थांबण्याचा यत्न दिसतो. तिची मान आणि मनगटे ताणलेली आहेत, चेहऱ्यावरचे भाव थिएटरातल्या शेवटच्या रांगेसाठी असावेत इतके ठसठशीत. हे दोष खरे आहेत. परंतु शांतारामांचा कॅमेरा तिला वारंवार नखशिखांत दाखवतो, लांबून दाखवतो आणि पुष्कळ वेळ दाखवतो, ही गोष्ट त्या दोषांहून मोठी आहे. पायांवर पडदा टाकून चेहऱ्यावर निभावण्याची सोय तिने घेतली नाही. सतरा वर्षांनी ‘पिंजरा’त (१९७२) तीच ठसठशीत शैली तिच्या कामी आली. तमाशाच्या फडावरची चंद्रकला भरल्या बैठकीला एका नजरेत गुंडाळते. तिथे नाजूक, आवरलेला अभिनय फिका पडला असता. कथकात जे जास्तीचे वाटले ते लावणीत नेमके बसले.

थोडक्या तालमीत शरीर काय घेते आणि काय घेत नाही, याला शारीरिक कारणे आहेत. कथक उभ्या शरीराने केले जाते. हस्तक, उभे राहण्याची ढब, गतीतली चाल, पदराचा वा घुंगटाचा वापर एवढे चांगल्या नटाला काही आठवड्यांत जमू शकते, कारण त्याचे अर्धे काम अभिनयाचेच असते. चक्कर त्याहून अवघड. दर फेरीला नजर एकाच बिंदूवर परत रोखावी लागते, ते जमले नाही तर चौथ्या-पाचव्या फेरीला तोल जातो. तत्कार, म्हणजे पावलांनी काढलेले बोल, मात्र उसना घेता येत नाही. दुप्पट-चौपट लयीत प्रत्येक बोल तळपायातून स्वच्छ निघायला वर्षे लागतात, आणि दोन्ही पायांना शंभर-दीडशे घुंगरांचे वजन असते ते वेगळेच. भरतनाट्यमची अडचण निराळी. त्यातली अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्ध्या बैठकीत राहणे, मांड्यांना लागलेल्या वर्षानुवर्षांच्या सवयीवर उभी असते. न शिकलेला नट दोन ओळींनंतर नकळत सरळ होऊ लागतो आणि जाणत्याच्या ते लगेच लक्षात येते. कथकाची कच्ची तालीम झाकता येते, भरतनाट्यमची सहसा येत नाही. हिंदी चित्रपट पुन्हा पुन्हा कथकाकडे आणि मुजऱ्याकडे वळला त्यात लखनौ-बनारसच्या कथानकांचा वाटा मोठा आहे, पण ही सोयही त्याच्या पथ्यावर पडली असावी.

दुसरी सोय ध्वनिमुद्रणाची. चित्रपटाचे गाणे आधी मुद्रित होते, घुंगरांसकट. सेटवर नटी त्या आवाजावर पाय हलवते. पाऊल अर्धी मात्रा चुकले तरी कानाला ते बरोबरच ऐकू येते. मैफलीत तबलजी आणि नर्तक एकमेकांना प्रश्न विचारतात, उपज तिथेच सुचते. पडद्यावर त्याला जागाच उरत नाही. म्हणून पडद्यावरचे कथक कितीही देखणे झाले तरी त्यात लयकारीची परीक्षा होत नाही.

जाणत्या गुरूंनी या मर्यादा ओळखून नृत्ये बसवली, आणि उत्तम काम तिथेच झाले. ‘उमराव जान’साठी (१९८१) मुजफ्फर अली यांनी गोपीकृष्ण आणि कुमुदिनी लाखिया यांना बोलावले. रेखा ही मुरलेली कथक नर्तकी नव्हती. मुजऱ्यांचा भार त्यांनी तिच्या पायांवर टाकला नाही. बसून केलेला भाव, सावकाश उठणारा हात आणि कुणावर तरी ठरणारी नजर यांवर तो टाकला. रेखाला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यात नृत्य आणि अभिनय यांची फारकत करता येत नाही. ‘बाजीराव मस्तानी’त (२०१५) बिरजू महाराजांनी दीपिका पदुकोणकडून जे करून घेतले त्याची रीत हीच. विलंबित चाल, हस्तक, कटाक्ष आणि जिथे खात्री तिथेच चक्कर. त्या नृत्यासाठी महाराजांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. नटीला तिच्या ताकदीबाहेर न ढकलता कथकाचा डौल राखणे हे नृत्यरचनेतले वरच्या दर्जाचे काम आहे, मात्र समीक्षेत त्याची नोंद क्वचित होते.

गुरूने सांभाळूनही जे जमत नाही ते दुसऱ्याच्या शरीराने केले जाते. ‘मुघल-ए-आझम’च्या (१९६०) शीशमहालातल्या नृत्यात काही भागांसाठी लक्ष्मीनारायण या पुरुष नर्तकाने मधुबालाचा मुखवटा लावून नाच केला, तो मुखवटा शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी घडवला होता. ‘पाकीजा’च्या (१९७२) अखेरच्या मुजऱ्यात आजाराने खचलेल्या मीनाकुमारीच्या जागी पद्मा खन्ना नाचली. चेहऱ्यावरची ओढणी आणि दूरची चौकट यांनी फरक झाकला. प्रेक्षकाने टाळी वाजवली ती मीनाकुमारीला. त्या टाळीतला पद्मा खन्नाचा वाटा फार उशिरा बोलला जाऊ लागला.

परदेशात श्रेयाच्या या प्रश्नावर निदान उघडपणे वाद झाला. ‘फ्लॅशडान्स’मध्ये (१९८३) जेनिफर बील्सच्या जागी नाचलेल्या मारीन जहानचे नाव श्रेयनामावलीत नव्हते. ‘ब्लॅक स्वान’साठी (२०१०) नॅटली पोर्टमन सुमारे वर्षभर बॅले शिकली आणि तिला ऑस्कर मिळाले, त्यानंतर तिची बदली नर्तकी सेरा लेन हिने सांगितले की संपूर्ण शरीर दिसणारी बहुतेक दृश्ये आपली आहेत. दिग्दर्शक डॅरेन अॅरोनॉफ्स्की यांनी हिशेब मांडला: नृत्याचे १३९ शॉट, त्यांपैकी १११ पोर्टमनचे, २८ लेनचे. दोघांचे म्हणणे वरवर दिसते तितके परस्परविरोधी नाही. शॉट मोजले तर चेहऱ्याचे आणि खांद्यांचेही मोजले जातात. लेन बोलत होती ती पायांविषयी. बॅले पायांतच असते, त्यामुळे नैतिक बाजू लेनचीच बळकट वाटते.

शिकलेले आणि न शिकलेले शरीर एकाच प्रसंगात शेजारी ठेवून पाहायचे असेल तर ‘मणिचित्रताळ’ (१९९३) आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘भूलभुलैया’ (२००७) यांचा शेवट पाहावा. मल्याळम चित्रपटात शोभना आहे, भरतनाट्यममध्ये तयार झालेली. तिच्या अंगात संचारलेली नागवल्ली नर्तकी आहे हे प्रेक्षकाला पावलातूनच पटते. उन्माद तालात राहतो, म्हणून अधिक भयंकर वाटतो. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हिंदीत विद्या बालन आहे, तिच्यासमोर विनीत हा भरतनाट्यमचा पक्का नर्तक. विद्या व्यावसायिक नर्तकी नव्हे. तिथे भीती डोळ्यांतून आणि विस्कटलेल्या केसांतून येते, संकलन वेगवान आहे आणि नृत्याचे वजन बरेचसे विनीत उचलतो. विद्याचा अभिनय जोरकस आहे यात वाद नाही. तरी तिच्या अंगात संचारलेली मंजुलिका नर्तकी होती हे हिंदी चित्रपटात आपल्याला सांगितले जाते, मल्याळममध्ये नागवल्लीचे नर्तकीपण दिसते.

म्हणूनच न शिकलेल्या नटाला सर्वांत न्याय देणारी भूमिका म्हणजे शिकणाऱ्या माणसाची. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा रवी जाधव यांचा ‘नटरंग’ (२०१०) याच कारणाने खरा वाटतो. गुणा हा पैलवानी अंगाचा शेतमजूर. फडाला नाच्या मिळेना म्हणून तोच नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांनी आधी पिळदार शरीर कमावले आणि मग ते उतरवले. त्यांना शिकावी लागली ती मुख्यतः चाल: कमरेतली लचक, हाताचा ठेका, मान वळवण्याची रीत. गुणाच्या अंगातला अवघडलेपणा सैल होत जातो, आणि नटाची तालीम व पात्राची तालीम एकत्र पुढे सरकते. त्याच चित्रपटातल्या फुलवा खामकर यांनी बसवलेल्या लावण्या घराघरांत पोचल्या. त्यांचा एक परिणाम मात्र चिंतेचा आहे. गॅदरिंगपासून दूरचित्रवाणीच्या स्पर्धांपर्यंत लावणी म्हणजे चित्रपटातली ती ठरावीक हालचाल, असे समीकरण झाले. यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावंतांनी बसल्या जागी, एका ओळीवर अनेक परींनी केलेली अदा कॅमेऱ्यासाठी आखलेल्या समूहनृत्यात मावत नाही. ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’ या गाण्यावर महाराष्ट्रात आक्षेप आले तेव्हाही, पोशाखाच्या वादाआड, मंगळागौरीच्या खेळाचे सभानृत्य झाल्याची खंत होती.

पुरुष नटांच्या बाबतीत गोष्ट अधिक सरळ आहे. भगवानदादांनी ‘अलबेला’त (१९५१) कुठल्याही शैलीचा दावा केला नाही. आपल्या ठेंगण्या, स्थूल शरीराला शोभतील अशी डुलती पावले त्यांनी स्वतः शोधली, आणि पुढे अमिताभ बच्चन यांच्यापर्यंत अनेकांनी ती उचलली. ज्याला नाचाची तालीम नाही अशा नटाने नाचावे कसे, याचे इतके प्रामाणिक उत्तर क्वचितच कुणी दिले असेल.

अलीकडे गाण्याची रचनाच मोबाइलवर फिरणाऱ्या चार मात्रांच्या ‘हुक स्टेप’भोवती होऊ लागली आहे. चार मात्रा कुणालाही बसवता येतात, उरलेले संकलन करते, आणि तालमीचे दिवस खर्चाच्या यादीतून आधी कापले जातात. ‘भूलभुलैया’च्या तिसऱ्या भागात (२०२४) माधुरी दीक्षित आणि विद्या बालन एकत्र नाचल्या. एवढी दुर्मिळ जोडी समोर असूनही चौकट सतत बदलत राहते, दोघींची पावले एकाच दृश्यात निवांत पाहायला मिळत नाहीत.

निर्मात्यांकडून दोन गोष्टींची अपेक्षा आहे. नटाला तालमीसाठी निदान काही महिने द्यावेत. आणि ज्याने ती तालीम दिली त्या गुरूचे, तसेच ज्याच्या शरीराने नटाची उणीव भरून काढली त्या नर्तकाचे नाव पडद्यावर, वाचता येईल इतक्या ठळक अक्षरांत, नृत्यदिग्दर्शकाच्या नावाशेजारी छापावे.