‘तुमच्याच पेशी’ आणि वाक्छल



मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातला वाक्छल पाहिला. कोणी म्हणतो, ‘हा मुलगा नवकंबल आहे’, म्हणजे त्याचं कांबळं नवं आहे. प्रतिवादी विचारतो, ‘नऊ कांबळी कुठायत?’ आज त्याचा आजच्या काळातला भाऊ पाहू.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांना सीओपीडी आहे; एक जिना चढताना दोनदा थांबतात. त्यांनी अमेरिकेतल्या एका क्लिनिकचं माहितीपत्रक पुढे ठेवलं आणि विचारलं, ‘मुदत ठेव मोडू का?’ उपचार असा: रुग्णाचं रक्त काढायचं, त्यातल्या काही पेशी वेगळ्या करायच्या आणि शिरेतून परत सोडायच्या. ‘तुमच्याच पेशी’ हे शब्द पानोपानी.

आता या ‘तुमच्याच’मध्ये दोन अर्थ मिसळलेत. पहिला: शरीर या पेशींना परकं मानणार नाही. हे ठीक. दुसरा: म्हणून त्या गुण देतील. हे पहिल्यातून निघतच नाही. सुरक्षित असणं वेगळं, उपयोगी असणं वेगळं.

पत्रक म्हणतं, पेशी थेट फुप्फुसात पोचतात. पोचतात ना! शिरांतलं रक्त हृदयातून आधी तिथंच जातं. पण गवंडी जागेवर पोचला म्हणजे भिंत उभी राहिली असं होत नाही. शिवाय हा गवंडी तरी आहे का? एम्फिसीमात वायुकोशांच्या भिंतीच मोडलेल्या असतात आणि रक्तातल्या मूळपेशींचं काम रक्त तयार करण्याचं.

मग ‘मला बरं वाटलं’ म्हणणारे खोटं बोलतात? नाही. या आजारात बरेवाईट दिवस येतात. माणूस वाईट दिवसांत क्लिनिक गाठतो; पुढचे दिवस एरवीही थोडे बरे गेले असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! म्हणून तुलनेचा गट लागतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ६२ रुग्ण होते. काहींना दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या, काहींना नुसतं प्लासिबो. पेशींनी अपाय केला नाही. फुप्फुसांची क्षमताही वाढवली नाही. त्या पेशी वेगळ्या होत्या, हे मान्य. पण मग ‘तुमच्याच’ पेशींनीही अशीच परीक्षा आधी द्यावी, आणि तिची फी रुग्णाकडून घेऊ नये.

आमचं हे ऐकून सहकारी म्हणाले, ‘तुम्हाला श्वास पुरतो, म्हणून तर्क सुचतो.’

आम्ही गप्प बसलो. त्यांचं खरंच होतं. पण ज्याला श्वास पुरत नाही, त्याच्याशी तरी शब्दांचा खेळ होऊ नये. धूम्रपान सोडणं, श्वसनाचे व्यायाम, आणि रक्तातला प्राणवायू फार कमी असेल तर रोज किमान १५ तास ऑक्सिजन; यांच्यामागे पुरावा आहे. ‘तुमच्याच’सारखी जादू या शब्दांत नाही.

ठेव अजून बँकेत आहे. व्यायामाला ते मंगळवारी जातात; सोबतीला आम्ही.