घरातला डाव आणि कायद्याची नजर : महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियमाची एक चिकित्सा

प्रस्तावना

दिवाळीतील बलिप्रतिपदेला 'द्यूतप्रतिपदा' असेही एक नाव आहे. त्या दिवशी चार आप्तेष्टांनी जमून डाव मांडण्याची प्रथा अनेक घरांत आजही टिकून आहे. गेल्या काही वर्षांत शहरी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात रमी आणि तीन पत्ती यांच्या जोडीला पोकर हा पाश्चात्त्य खेळही येऊन बसला आहे. सहा मित्र जमतात, प्रत्येकजण ठरावीक रक्कम लावतो, आणि रात्र संपताना ती रक्कम त्याच सहा जणांत वेगळ्या प्रमाणात वाटली जाते. हा गुन्हा आहे काय?

प्राध्यापक कक्षात या प्रश्नाची साधारणतः दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर असे की, पैसे लावले म्हणजे तो जुगारच. दुसरे असे की, पोकर हा कौशल्याचा खेळ असल्यामुळे त्याला कायद्याची आडकाठी नाही. ही दोन्ही उत्तरे मुख्य प्रश्नाला बगल देतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. घरातल्या डावापुरता विचार केला, तर कायद्याने विचारलेला पहिला प्रश्न खेळ कोणता हा नसून, त्या जागेतून लाभ कोण घेतो हा आहे. या भूमिकेतून महाराष्ट्रातील संबंधित कायद्याच्या संहितेचे वाचन करण्याचा हा प्रयत्न आहे.

सभिक आणि खेळाडू

जुगार हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आहे. महाराष्ट्रात मुंबई इलाख्याच्या काळातील १८८७ चा अधिनियमच, अनेक दुरुस्त्यांसह, 'महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियम' या नावाने लागू आहे. या अधिनियमाचा गाभा म्हणजे 'जुगारगृहा'ची व्याख्या. आकड्यांवरील व बाजारभावांवरील सट्ट्यासाठी ही व्याख्या कडक आहे. परंतु पत्त्यांसारख्या अन्य प्रकारांत, जागेच्या मालकाच्या, ताबेदाराच्या किंवा ती वापरणाऱ्याच्या लाभासाठी खेळाची साधने जेथे ठेवली अथवा वापरली जातात, तीच जागा जुगारगृह ठरते. कलम ४ असे गृह चालवणाऱ्याला शिक्षा सांगते. कलम ५ खेळणाऱ्यांना शिक्षा सांगते खरे, पण तीही अशा गृहात खेळणाऱ्यांपुरतीच. तेव्हा यजमान डावामागे कट घेत नसेल, पोकरच्या परिभाषेत 'रेक' काढत नसेल, बसण्याचे शुल्क आकारत नसेल, तर त्याचे घर जुगारगृह ठरू नये, असा या संहितेचा सरळ अर्थ निघतो.

हा भेद इंग्रजांनी नव्याने आणलेला नाही. 'मृच्छकटिका'च्या दुसऱ्या अंकात दहा सुवर्णमुद्रा हरलेला संवाहक पळत सुटतो, आणि त्याच्या मागे लागतो तो माथुर, म्हणजे द्यूतगृहाचा चालक, 'सभिक'. प्रेक्षकांची सहानुभूती संवाहकाकडे जाते, कारण लाभ कोणाचा आणि नाश कोणाचा हे रंगमंचावर स्पष्ट दिसते. मात्र कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त चित्र उलटे आहे. तेथे शासनच सभिकाच्या जागी बसते. द्यूताध्यक्षाने खेळ एकाच ठिकाणी चालवावा, जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावेत, आणि अन्यत्र खेळणाऱ्याला बारा पण दंड करावा, असे तेथे सांगितले आहे. छुप्या मार्गाने उपजीविका करणारे शोधून काढणे हा त्यामागील हेतू. कौटिल्य घरातल्या डावाला दंड करतो आणि अधिकृत अड्ड्याला मान्यता देतो. १८८७ चा कायदा अड्ड्याला दंड करतो आणि घराला, निदान शब्दशः, वगळतो.

'लाभ' या शब्दाची व्याप्ती

असे असूनही यजमानाने निश्चिंत व्हावे, अशी स्थिती नाही. जागेच्या वा साधनांच्या भाड्याच्या रूपाने 'अथवा अन्य कोणत्याही प्रकारे' मिळणारा लाभ, अशी व्याख्येतील शब्दयोजना आहे. ही शेवटची पुस्ती फार लांबवर हात पसरते. मुंबई उच्च न्यायालयाने १९२३ च्या एका निर्णयात असे मानले की, लाभ प्रत्यक्ष झालाच पाहिजे असे नाही. तो संभाव्य व अपेक्षित असणे पुरेसे आहे. मग जो यजमान स्वतःही खेळतो आणि बहुधा जिंकतो, त्याचे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते, इतरांइतकाच धोका पत्करून मिळालेली जीत हा 'घराचा' लाभ म्हणता येणार नाही. पण हे मत संहितेच्या शब्दांत स्पष्ट लिहिलेले नाही, आणि तीच तिची उणीव आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या 'आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण' (१९६८) या निर्णयाचा येथे आधार मिळतो. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी खेळली जात होती. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सांगितले. शिवाय क्लबने पत्त्यांसाठी माफक जादा आकार घेतला एवढ्यावरून तो नफा कमावत होता असे होत नाही, हेही स्पष्ट केले. निर्णयाचा पहिला भाग सतत उद्धृत होतो. घरगुती डावाला अधिक उपयोगी असलेला दुसरा भाग मात्र दुर्लक्षित राहतो. चहा-फराळाची वर्गणी आणि डावामागचा कट यांत फरक करायचा, तो याच सूत्राने.

कौशल्य की दैव

अधिनियमाचे कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना, ते कोठेही खेळले जावोत, सूट देते. 'निव्वळ' याचा अर्थ 'प्राधान्याने', हे घोड्यांच्या शर्यतींविषयीच्या १९९६ च्या लक्ष्मणन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले. पोकरमध्ये हातातले दोन आणि पटावरचे पाच पत्ते दैवाने येतात. बोली लावणे, माघार घेणे आणि हूल देणे हा बुद्धीचा भाग. यांतले प्राधान्य कशाला, यावर एकमत नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतूनच वगळले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली तो दैवाचा खेळ ठरवला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली रमीप्रमाणे पोकरही कौशल्याचा खेळ मानला. राज्याची सीमा ओलांडली की तेच सात पत्ते निराळे ठरतात!

हा वाद निरर्थक नाही. यजमान लाभ घेत असेल, तर तो बचावाचा मुख्य आधार ठरेल. परंतु लाभ नसलेल्या घरगुती डावाला या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. संसदेने २०२५ साली केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यानेही हेच सूचित केले. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा की दैवाचा हा भेद त्याने बाजूला ठेवला, आणि दंडाचा रोख सेवा पुरवणारे, जाहिरात करणारे व पैशांची देवघेव घडवणारे यांच्यावर ठेवला, खेळणाऱ्यावर नाही. सभिकाचे रूप बदलले, पण कायद्याची नजर त्याच्यावरच आहे.

दिवाणखाना आणि पार

संहितेतील सर्वांत गंभीर दोष अन्यत्र आहे. कलम ७ नुसार, अधिकृत आदेशाने झडती घेतलेल्या जागेत पत्ते वा अन्य साधने सापडली, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती जागा जुगारगृह असल्याचा तो पुरावा मानला जातो. म्हणजे आपण काही घेतले नाही, हे यजमानाने सिद्ध करायचे. मित्रांच्या मैफलीत पावत्या कोण ठेवतो? न घेतलेल्या पैशाचा पुरावा देणे जवळजवळ अशक्य असते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केल्यानंतर, राहत्या घराविषयीचे हे गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे आहे.

दुसरीकडे कलम १२ अन्वये रस्त्यावर किंवा लोकांना मुक्त प्रवेश असलेल्या जागी जुगार खेळणाऱ्याला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकतात. तेथे लाभाचा प्रश्नच उद्भवत नाही. पारावर दहा-दहा रुपये लावून तीन पत्ती खेळणारे चार मजूर कोणाला कट देत नसतात, तरीही ते आरोपी ठरतात. दिवाणखान्यात हजारांनी खेळणारे सहा मित्र मात्र, झडती न झाल्यास, प्रतिष्ठित नागरिकच राहतात. उघड्यावरील जुगाराभोवती गर्दी जमते, भांडणे होतात, हा युक्तिवाद खोटा नाही. पण मग शिक्षा उपद्रवाला असावी, दिवाणखाना नसण्याला नव्हे.

कायदेशीर आणि निर्धोक

घरातला डाव गुन्हा नाही म्हणून तो कायद्याला मान्य आहे, असेही समजू नये. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य आहे. तो शून्य असला तरी बेकायदेशीर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या घेरुलाल पारख प्रकरणात सांगितले. जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्याने पैजेशी संलग्न करारही शून्य ठरवले. त्यामुळे हरलेल्या मित्राकडून पैसे वसूल करण्यासाठी, किंवा खेळण्यासाठी दिलेल्या उसन्यासाठीही, न्यायालयाचे दार उघडत नाही. राहतो तो केवळ शब्द. आणि शब्दावर हरलेला पगार घरच्यांना मात्र खराखुरा गमवावा लागतो.

समारोप

या वाचनातून तीन सूचना पुढे येतात. राहत्या घरात, यजमानाला खेळाडू म्हणून मिळणाऱ्या जितीखेरीज अन्य लाभ नसताना खेळलेला डाव जुगारगृहाच्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळावा. कलम ७ मधील गृहीतक राहत्या घरांना लागू करू नये. आणि कलम १२ मध्ये सार्वजनिक उपद्रवाची अट घालावी. आजची संहिता घरातल्या डावाला सूट देते, पण ती अध्याहृत ठेवते. आणि अध्याहृत सूट ही हक्क नसून मेहेरबानी असते. मेहेरबानी कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या येत नाही, हे पारावर बसलेल्या मजुराला आपण सांगण्याची गरज नाही.