पाठीमागे बसलेला मुलगा

रॉबर्ट पर्सिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ मी प्रथम वाचले ते कॉलेजच्या शेवटच्या वर्षी. ती प्रत अजून माझ्याकडे आहे. या लेखासाठी ती पुन्हा काढली आणि जरा ओशाळलो. पेन्सिलीच्या खुणा जिथे जिथे आहेत तिथे ‘क्वालिटी’ची, ग्रीकांची, तर्क आणि सौंदर्य यांच्या फारकतीची चर्चा आहे. अकरा वर्षांचा ख्रिस ज्या पानांवर आहे ती पाने कोरी. एका ठिकाणी तर मी समासात ‘विषयांतर’ असे लिहून ठेवले आहे. तो मजकूर मुलाच्या पोटदुखीचा आहे.

या पुस्तकाबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते तेही बहुधा याच वळणाचे असते. तत्त्वज्ञानाचा ग्रंथ, प्रवासाचे निमित्त केलेला. मला त्याच्या उलट मांडायचे आहे. हे पुस्तक एका बापलेकाच्या तुटलेपणाचे आहे आणि त्यातले तत्त्वज्ञान हा त्यावरचा उपाय नाही; बराच काळ ते त्या तुटलेपणाचे लक्षण आहे.

हकीकत थोडक्यात अशी. १९६८च्या उन्हाळ्यात पर्सिग आपल्या मुलाला, ख्रिसला, होंडा मोटरसायकलवर मागे बसवून मिनेसोटातून पश्चिमेकडे निघाले. सोबत बीएमडब्ल्यूवर सदरलंड दांपत्य. डाकोटाची मैदाने ओलांडून मंडळी मोंटानातल्या बोझमनला पोचतात. तिथून मित्र परत फिरतात आणि बापलेक दोघेच पॅसिफिककडे जातात. प्रवासाच्या काही वर्षे आधी पर्सिग यांना वेड लागल्याचे निदान झाले होते. इस्पितळ झाले, विजेचे झटके झाले. झटक्यांपूर्वीच्या स्वतःला निवेदक ‘फीड्रस’ म्हणतो, तृतीयपुरुषी बोलतो, एखाद्या मेलेल्या माणसाबद्दल बोलावे तसे. बोझमनच्या कॉलेजात शिकवत होता तो फीड्रस. तरुणपणी बनारस हिंदू विद्यापीठात येऊन गेला तोही तोच. आपल्याकडच्या चर्चेत हा बनारसचा तपशील हटकून येतो, ख्रिस येत नाही. ख्रिसला मात्र तोच बाप आठवतो. इस्पितळातून कुणीतरी घरी आले, पण जो गेला होता तो आला नाही, असे या मुलाचे दुःख आहे. बाप परगावी नाही, परागंदा नाही, समोर आहे, आणि तरी नाही. अशी ताटातूट समजावून सांगायला अकरा वर्षांच्या मुलाकडे पोटदुखीखेरीज दुसरी भाषा कुठून असणार?

पर्सिग आपल्या निरूपणाला ‘शटॉक्वा’ म्हणतात. एकेकाळी अमेरिकेत गावोगाव तंबू ठोकून लोकशिक्षणाची व्याख्याने होत, त्यांचे हे नाव. मला आपले नारदीय कीर्तन अधिक जवळचे वाटते. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. आम्ही वाचक म्हणजे पूर्वरंग ऐकून, बुक्का लावून घेऊन घरी निघालेले श्रोते. फरक इतकाच की कीर्तनातले आख्यान निरूपणाची बाजू घेते; इथले आख्यान निरूपणाविरुद्ध साक्ष देते.

कारण हे निरूपण चालते कुठे? हेल्मेटच्या आत. इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज एवढा असतो की बोलायचे तर ओरडावे लागते. जे काही सांगायचे ते बाप मनातल्या मनात वाचकाला सांगतो. हातभर अंतरावर बसलेल्या मुलाला त्यातले अक्षर ऐकू जात नाही. सुरुवातीचाच प्रसंग पाहा. पाणथळीत लाल पंखांचा एक काळा पक्षी दिसतो. बाप मुलाच्या गुडघ्यावर थाप मारून तो दाखवतो. मुलगा ओरडून विचारतो, बाप ओरडून सांगतो, पुन्हा ओरडाओरड. अखेर मुलगा बापाचे हेल्मेट मागून धरून कळवतो की असले पक्षी मी पुष्कळ पाहिलेत. पहिल्या वाचनात मी इथे हसलो होतो. आता वाटते, पुढच्या साऱ्या पुस्तकाचा नकाशाच इथे काढलेला आहे.

या निवेदकाचा सगळा सिद्धान्त आस्थेवर उभा आहे. यंत्र नीट चालते ते हातातल्या पान्यामुळे नव्हे, तर हाताळणाऱ्याच्या मनातल्या आपुलकीमुळे, असे तो परोपरीने सांगतो. तो स्वतः तसा वागतोही. टॅपेटचा आवाज बदलला की त्याच्या कानाला लगेच कळते. मित्राच्या बीएमडब्ल्यूचे हँडल ढिले झाले तर बिअरच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी घालू या, असे सुचवतो, आणि मित्राला ते कमीपणाचे वाटते याचाही बारकाईने विचार करतो. आणि मुलगा रडतो, रुसतो, जेवत नाही, तेव्हा? तेव्हा तो मित्रांना वैद्यकीय मत सांगतो की ही मानसिक आजाराची सुरुवात असू शकते. इंजिनाच्या बाबतीत जो माणूस निदानाची घाई करू नका म्हणतो, तो मुलाच्या बाबतीत तयार निदान घेऊन बसला आहे. ही विसंगती निवेदकाला दिसत नाही. लेखकाला दिसते, असे माझे ठाम मत आहे. नाहीतर त्याने हे दोन प्रकारचे प्रसंग एकमेकांना इतके खेटून ठेवलेच नसते.

बोझमनजवळच्या डोंगराची चढण याच अंगाने वाचावी लागते. मुलाला शिखर गाठायचे आहे, बाप दरडीच्या भीतीने परत फिरतो. तिथेच ख्रिस सांगतो की रात्री झोपेत तुम्ही बोलत होता. झोपेतल्या बोलण्यात त्याला जुना बाप सापडतो आणि जागेपणी तो पुन्हा हरवतो. बापाच्या स्वप्नात वारंवार एक काचेचे दार येते. शेवटी कळते की ते दार इस्पितळात खरोखरच होते. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला हा मुलगा.

शेवट कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, धुक्यात, कड्यापाशी. बाप मुलाला सांगू पाहतो की तुला बसने घरी पाठवतो आणि मी इस्पितळात जातो. मुलगा जमिनीवर कोसळून आक्रोश करतो. मग तो विचारतो, तुम्हाला खरेच वेड लागले होते का? बाप नाही म्हणतो. काही समीक्षकांना हे फार सोपे वाटेल. मलाही वाटले होते. चारशे पाने ज्याला वेडा म्हटले त्याला एका शब्दात शहाणा ठरवायचे? पण तो शब्द वैद्यकीय दाखला म्हणून वाचू नये. फीड्रसबद्दल इतके दिवस ‘तो’ म्हणणारा माणूस इथे पहिल्यांदा मुलासमोर ‘मी’ म्हणतो, एवढेच त्यात आहे. आणि या वेळी समोर वाचक नाही, मुलगा आहे.

यानंतर दोघे हेल्मेट काढून ठेवतात. मुलगा पायटेकूंवर उभा राहतो आणि सांगतो की आता सगळे वेगळे दिसते. आजवर बापाच्या खांद्यावरून पलीकडचे दिसतच नव्हते. एवढा प्रवास, एवढी राज्ये, आणि या मुलाने पाहिली ती एक पाठ!

इस्माएल फेरूखी यांच्या ‘ल ग्राँ व्हॉयाज’ (२००४) या चित्रपटाशी इथे तुलना करण्याजोगी आहे. फ्रान्समध्ये वाढलेला मुलगा म्हाताऱ्या मोरोक्कन बापाला मोटारीने मक्केला नेतो. बाप अरबीत बोलतो, मुलगा फ्रेंचमध्ये उत्तर देतो. चाक मुलाच्या हाती, रस्ता बापाच्या. मात्र दोघे शेजारी बसलेले आहेत. भांडताना तरी समोर तीच काच, तोच घाट असतो. ख्रिसला तेवढेही मिळत नाही.

१२१ प्रकाशकांनी नाकारल्यानंतर पुस्तक १९७४ साली निघाले. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लुटारूंच्या हल्ल्यात ख्रिस मारला गेला. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. नंतरच्या आवृत्तीला जोडलेल्या उत्तरकथनात पर्सिग यांनी ते लिहिले आहे. ते वाचून शेवटचे पान पुन्हा उघडले तर मुलगा विचारत असतो, मोठा झाल्यावर मला मोटरसायकल मिळेल का? बाप म्हणतो, नीट राखलीस तर मिळेल.

आमच्याकडे बजाजची स्कूटर होती. लहानपणी मी पुढे, हँडल धरून उभा राहत असे. सगळा रस्ता माझा. दुसरीत की तिसरीत गेल्यावर डोके वडिलांच्या हनुवटीला लागू लागले आणि रवानगी मागे झाली. पुढची दहा वर्षे मला त्यांच्या शर्टाची शिवण आठवते, रस्ता नाही. कॉलेजात गेल्यावर आमचे बोलणे थांबले. त्याची कारणे या लेखाचा विषय नाहीत. परवा ही प्रत त्यांनी टेबलावरून उचलून चाळली. ‘विषयांतर’ या शब्दापाशी थांबले, चष्मा सारखा केला आणि तो परिच्छेद त्यांनी पहिल्यापासून वाचला.