कातिबाचा हात आणि यंत्राची लिपी

उर्दू समीक्षा शायर आणि अफसानानिगारांवर भरभरून बोलते; पण ज्याच्या हाताने ते साहित्य कागदावर उतरले, त्या कातिबाविषयी ती जवळजवळ मुकी आहे. कातिब भेटतो तो विनोदी लेखनात, चुकांचा धनी म्हणून. लेखकाची चूकही 'सहव-ए-किताबत' म्हणून त्याच्याच माथी! त्याची मजुरी, अधू झालेले डोळे यांची नोंद आम्हाला क्वचितच आढळते. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कोणाची रोजी जाईल, याची चर्चा आज घरोघरी चालू असताना ही उणीव अधिक खुपते. कारण उर्दूने हा प्रसंग एकदा पाहिला आहे.

नस्तालीक लिपी खिळ्यांच्या छपाईला सहसा दाद देत नसे. शेजार बदलला की अक्षराचे रूप बदलते आणि शब्द तिरपा खाली उतरतो. मराठी छापखान्यात जुळारी खिळे जुळवत, तेव्हा उर्दू वृत्तपत्रांची पाने कातिब हाताने लिहीत. पुढे मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपे स्वतः लिहून काढली, मोनोटाइप कंपनीने ती यंत्रात भरली आणि 'नूरी नस्तालीक' तयार झाली. १९८१ मध्ये लाहोरचा 'जंग' तिच्यात निघाला. १९९४ मध्ये 'इनपेज' आले आणि आपल्याकडचे उर्दू छापखानेही बदलले. काही कातिब की-बोर्ड शिकले, काही लग्नपत्रिकांकडे वळले, बाकीचे घरी बसले.

यंत्राला शिव्या देणे सोपे आहे. पण पुस्तके झटपट निघू लागली, हे आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक कसे नाकारणार? आमचा आक्षेप वेगळा आहे. यंत्राने हुनर शून्यातून आणले नाही, ते माणसाच्या हातातून घेतले. तिथे निदान त्या खुशनवीसाचे नाव तरी राहिले. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता असंख्य लेखक, अनुवादक, चित्रकारांच्या कामावर शिकली आहे. त्यांतील बहुतेकांना ना नाव मिळाले, ना मोबदला. वाचलेले श्रम आणि वाचलेला पैसा कोणाच्या पदरात पडतो, हा खरा प्रश्न आहे.

मुस्लिम मराठी साहित्याने तो विचारायला हवा. यंत्राविरुद्ध घोषणा देणारी कविता नको. हिशेबाची वही हातात असलेला कारागीर कथेत यावा. जुने कातिब अजून आपल्या मोहल्ल्यांत आहेत. त्यांच्या आठवणी आजच लिहून घेऊ या. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द लिहिले. त्यांचे शब्द कोणीतरी लिहायला नकोत का?