‘चालतं’ आणि ‘मानवतं’

सौंदर्याविषयी लिहिणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक पानांचा सूर एकच असतो. बेसन, हळद, लिंबू, मध कालवा, पंधरा मिनिटं ठेवा, आठवड्यात चेहरा उजळेल. पाककृतीसारखं प्रमाण दिलेलं असतं; पण लावणाऱ्या बाईची त्वचा तेलकट की कोरडी, एवढंही कुणी विचारत नाही.

आम्ही जैन बायका या पानांना आणखी एक चाळणी लावतो: हे आपल्याला चालतं का? मद्य, मांस, मधु यांचा त्याग मूलगुणांतच सांगितलेला, तेव्हा मध पहिल्याच ओळीला बाद. बाजारच्या वस्तूंत जरा खोल बघावं लागतं. लिपस्टिकमधला ‘कार्माइन’ हा लाल रंग कोशिनील किडे वाळवून काढलेला असतो. वेष्टनावर तो पुष्कळदा नुसता 75470 या आकड्यानं येतो. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतलं, मेण मधमाशीच्या पोळ्यातलं. ही चौकशी करणाऱ्या बाईला सोवळ्याची म्हणून कुणी हसू नये.

पण आपल्याच लेखनाचा दोष इथं सुरू होतो. एखादी वस्तू ‘चालते’ म्हटलं की ती ‘मानवते’ असं आपण धरून बसतो. लिंबू आपल्याला चालतं, म्हणून ते गालावर चोळायचं? त्वचेचा सामू साधारण 5, लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास. तो रस अंगावर असताना उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहू शकतात. झाडाचं म्हणजे निर्धोक, हा समज बिब्बा उतलेला पाहिलेल्या घरांतही टिकावा, याचं नवल वाटतं.

याहून घातक शब्द ‘उजळ’. ‘फेअर अँड लव्हली’नं 2020 मध्ये नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. आपल्या स्थळं बघण्याच्या बोलीतला ‘उजळ’ अजून तिथंच आहे. लग्न जमायच्या घाईत औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोरेपणाच्या मलमात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. थोडे दिवस चेहरा खुलतो. मग कातडी पातळ होते, लाली येते, पुरळ उठतं, आणि मलम सोडलं की आग होते. अशी कितीतरी मलमं 2018 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. पण ‘माझ्या जावेला गुण आला’ एवढी चिठ्ठी आपल्याला पुरते!

चांगल्या लेखानं आधी ओळख करून द्यावी. सौम्य फेसवॉशनं चेहरा धुवून तासभर काही लावू नका. ताणला तर कोरडा, सगळा चमकला तर तेलकट, कपाळ-नाकच चमकलं तर मिश्र. मग तीन गोष्टी पुरतात: सौम्य धुणं, त्वचेला पेलेल असं मॉइश्चरायझर, आणि दिवसा किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन. नवी वस्तू एका वेळी एकच, तीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून. बेळगावच्या पावसाळ्यात पुरलेलं क्रीम संक्रांतीच्या कोरड्या थंडीत पुरेलच असं नाही. हळद लावूनही खाज येत असेल तर हळद सोडावी. त्यात परंपरेचा काही अपमान होत नाही.

‘चालतं का’ हे आपण आजी-आईकडून शिकलो, ते सोडायचं कारण नाही. ‘मानवतं का’ हे मात्र जिचं तिनं स्वतःच्या कातडीला विचारायचं, आणि तिचं उत्तर यायला चार-सहा आठवडे लागतात. आठवड्यात उजळवणाऱ्या पानांना एवढा धीर नसतो. तो आपण धरावा.