पाण्याच्या वासाची समीक्षा

अत्तराविषयी लिहू लागले की मराठीत शब्द अपुरे पडतात. मोगऱ्याच्या अत्तराला मोगरा म्हणून भागते. पण ज्या अत्तराचा विषयच पाणी आहे, त्याचे वर्णन कसे करायचे? जपानी वेशरचनाकार इस्से मियाके यांच्या नावाने १९९२ मध्ये आलेले ‘लो दिस्से’ हे असे अत्तर. अर्थ ‘इस्सेचे पाणी’. फ्रेंच कानाला त्यात ‘ओडिसी’ ऐकू येते. मराठी कानाला आपला जुना ‘दिसे’.

जाक काव्हालिए यांनी त्यात कमळ, फ्रीझिया, सायक्लामेन अशी फुले योजली. त्यांच्यावर पाण्याचा पडदा धरतो तो कॅलोन हा कृत्रिम रेणू. फायझरच्या रसायनशास्त्रज्ञांनी तो १९६६ मध्ये शोधला. मला त्याचा वास कलिंगडाच्या सालीलगतच्या पांढऱ्या गरासारखा, थोडा खाऱ्या वाऱ्यासारखा येतो. फुले आहेत, पण काचेपलीकडची. ऐंशीच्या दशकातल्या घमघमाटी अत्तरांनंतर हे अत्तर नुकतेच न्हाऊन आलेल्या माणसासारखे वाटले. त्याचे आकर्षण यातच आहे.

जुन्नर-आंबेगावात मात्र पाण्याची ओळख वेगळी आहे. जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. लेण्यासारखीच पोढीही दान दिली जाई. अशा पाण्याला कातळाचा आणि शेवाळाचा वास असतो. पहिल्या पावसाचा वास मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या जिओस्मिनमुळे येतो. कनौजचे कारागीर भाजलेल्या मातीचा वास चंदनतेलात उतरवतात. त्या मिट्टी अत्तरात पाणी आणि माती वेगळी करता येत नाहीत. ‘लो दिस्से’मधल्या पाण्याला काठ नाही, तळही नाही.

तळाचा विसर आंबेगावकराला परवडणारा नाही. घोड नदीवरच्या डिंभे धरणात तालुक्याला नाव देणारे आंबेगाव बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. त्याच पाण्यावर खालची शेती पिकते आणि त्याच पाण्याखाली कुणाची घरे, वावरे आहेत. म्हणून हे अत्तर मला वाईट वाटत नाही, अपुरे वाटते. निर्मळपणाचे इतके नेमके चित्र क्वचितच कुणी काढले असेल. पण ते बाटलीतल्या पाण्याचे चित्र आहे. आपल्या पाण्याचे अत्तर करायचे, तर त्यात थोडा गाळ ठेवावाच लागेल.