निलंबित पोलिसाचा सूड

आपल्या समीक्षेने रहस्यकथेला कधी घरात घेतले नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. गिरणगावच्या चाळींत, तालुक्याच्या वाचनालयांत, रद्दीच्या दुकानांत त्या हातोहात फिरल्या. ज्या घरात आधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशा माझ्यासारख्यांच्या घरी पाठ्यपुस्तकाबाहेरचे पहिले पुस्तक आले ते बहुधा याच जातीचे. पण वाङ्मयाच्या प्रतिष्ठित पंगतीत त्यांचे पान कधी मांडले गेले नाही. या तुच्छतेशी मला आज भांडायचे नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. रहस्यकथा शेवटी कोणाच्या न्यायाची कथा असते?

रूढ रहस्यकथेत गुन्हा घडण्यापूर्वी समाज सुरळीत असतो. गुन्ह्याने घडी विसकटते, डिटेक्टिव्ह गुन्हेगार शोधतो, बेड्या पडतात आणि घडी पुन्हा बसते. म्हणजे मुळातली घडी न्याय्य होती हे गृहीत धरलेले असते. आमच्या वस्त्यांना हे गृहीत धरता आले नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मतःच संशयित ठरवली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण संशय काही रद्द झाला नाही. बंगल्यात पोलीस येतो तेव्हा कथा संपत आलेली असते. वस्तीत पोलीस येतो तेव्हा कथा सुरू होते. ज्यांच्यासाठी घडीच अन्यायाची आहे, त्यांची रहस्यकथा कशी असेल? याचे उत्तर मला चेस्टर हाइम्स या अमेरिकन कृष्णवर्णीय लेखकाकडे सापडले.

हाइम्सचा जन्म १९०९चा. १९२८ साली सशस्त्र दरोड्याच्या गुन्ह्यात त्याला वीस ते पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. ओहायोच्या तुरुंगात त्याने लिहायला घेतले. १९३०मध्ये त्या तुरुंगाला आग लागून तीनशेहून अधिक कैदी मेले. त्या आगीवर त्याने लिहिलेली कथा १९३४ साली एका मोठ्या मासिकात आली. १९३६मध्ये तो सुटला. १९४५च्या पहिल्या कादंबरीनंतरही अमेरिकेने त्याला हवी तशी जागा दिली नाही. १९५३ साली तो फ्रान्सला गेला. तेथे गालिमार प्रकाशनाच्या रहस्यकथामालेचे संपादक मार्सेल द्युआमेल यांनी त्याला डिटेक्टिव्ह कादंबरी लिहायला लावली. पैशांची नड होती म्हणून त्याने ती लिहिली, आणि १९५८ साली रहस्यकथेसाठीचे फ्रान्समधले मोठे पारितोषिक त्याला मिळाले. पोलिसाला त्याने प्रथम पाहिले ते बेडीच्या बाजूने, हे लक्षात ठेवून त्याचे लेखन वाचले पाहिजे.

त्याचे दोन डिटेक्टिव्ह न्यूयॉर्कच्या हार्लेममधले आहेत. दोघेही काळे, दोघेही गोऱ्यांच्या पोलीस खात्यातले. लोकांनी त्यांना नावे ठेवली आहेत : एक ग्रेव्ह डिगर, म्हणजे थडगे खोदणारा. दुसरा कॉफिन एड. कॉफिन म्हणजे शवपेटी. मालिकेच्या पहिल्याच कादंबरीत एडच्या तोंडावर ॲसिड फेकले जाते. तेव्हापासून त्याचा चेहरा विद्रूप आणि हात चटकन पिस्तुलाकडे जाणारा.

'द हीट्स ऑन' ही कादंबरी मूळ इंग्रजीत १९६६ साली आली, पण तिचा फ्रेंच अनुवाद त्याआधीच, १९६१मध्ये निघाला होता. हेरॉइन विकणाऱ्या एका ठेंगू माणसाला हे दोघे मारहाण करतात, तो मरतो, आणि दोघे निलंबित होतात. त्यानंतर डिगरला गोळ्या लागतात. तो मेल्याची बातमी पसरते. एड एकटा मारेकऱ्यांच्या मागावर निघतो. खात्याने त्याचा अधिकार काढून घेतलेला. त्याच्यापाशी उरले आहे फक्त पिस्तूल आणि संताप.

सहकाऱ्याच्या खुनाचा शोध हा रहस्यकथेचा जुना विषय. डॅशिएल हॅमेटच्या 'द माल्टीज फाल्कन'मध्ये (१९३०) सॅम स्पेडचा भागीदार मारला जातो. खून करणारी बाई स्पेडला आवडलेली आहे, तरी तो तिला पोलिसांच्या हवाली करतो. भागीदार मेला की माणसाने काहीतरी केले पाहिजे, हा त्याचा व्यवसायधर्म. समीक्षकांनी या संयमाचे कौतुक केले आहे, ते योग्यही आहे. पण मी विचारतो, स्पेडला हा संयम परवडतो कशामुळे? पोलिसांशी त्याचे पटत नसेल, कायदा सडका असेल, तरी तो कायदा त्याच्या रंगाच्या माणसांचा आहे. गुन्हेगार स्वाधीन करायला त्याच्यापाशी एक दार आहे. एडपाशी ते दार नाही. त्याचे स्वतःचे खातेच त्याला संशयाने पाहते. संयम हा नुसता मनाचा गुण नाही. त्याला सामाजिक आधार लागतो, आणि तो आधार नसलेल्याला संयमाचा उपदेश करणे सोपे असते.

येथपर्यंत वाचून आपल्यातला एखादा तरुण कार्यकर्ता म्हणेल, मग एडचा सूड म्हणजेच विद्रोह. मला हे मान्य नाही, आणि हाइम्सचे मोठेपण इथेच आहे. एडच्या सुडाची दिशा पाहा. तो मारतो कोणाला? गल्लीतल्या व्यसनी पोरांना, पुड्या विकणाऱ्या फुटकळ माणसांना. एका रखवालदाराच्या बायकोच्या गळ्याला तो सुरी लावतो. त्याच्या हातचा मार खाणारी माणसे बहुतेक हार्लेमचीच आहेत. ॲसिडने जळलेला, खात्याने हाकललेला हा माणूस आपला सगळा संताप खालच्या दिशेने ओततो. शेवटी कळते की डिगर जिवंत आहे, आणि ज्या हेरॉइनसाठी एवढी माणसे मेली ते केव्हाच भट्टीत जळून गेले आहे. म्हणजे सुडाचे कारणही खोटे आणि लुटीचा मालही राख. पण त्या बाईच्या गळ्यावरची सुरी मात्र खरी होती.

हे चित्र आपल्याला परके वाटू नये. वतनाच्या गावगाड्यात चोराचा माग काढण्याचे काम महाराकडे आणि रामोशाकडे होते. गावाची वेस त्याने राखायची, पण वेशीच्या आत घर त्याचे नसायचे. चोरी झाली तर मागही त्यानेच काढायचा आणि पहिला संशयही त्याच्यावरच. गावाच्या बाजूने काठी धरायची आणि गावाचीच काठी खायची, अशी ही नोकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते या गुलामीचा अर्थ ओळखून. १९५८च्या कायद्याने अखेर ती वतने गेली. कॉफिन एड हा हार्लेमच्या वेशीवरचा असाच राखणदार आहे. मालकाने दिलेली काठी आपल्याच आळीत चालते, आणि मालकाच्या वाड्याकडे वळली की हातातून काढून घेतली जाते.

हाइम्सने हा विचार पुढे नेला. 'ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल' (१९६९) या कादंबरीत डिटेक्टिव्हांना खुनांचा उलगडा करताच येत नाही, आणि अखेरीस एक आंधळा माणूस भुयारी रेल्वेत पिस्तूल झाडतो. त्याचा नेम भलत्याच माणसाला लागतो. ध्येयाविना केलेल्या हिंसेवर याहून जळजळीत भाष्य मी वाचलेले नाही. 'प्लॅन बी' त्याने अपुरी सोडली. ती १९८३ साली फ्रान्समध्ये आणि त्याच्या मृत्यूनंतर १९९३मध्ये अमेरिकेत निघाली. तीत काळ्यांच्या सशस्त्र उठावाच्या प्रश्नावर हे दोन मित्र समोरासमोर येतात, आणि डिगर एडला गोळी घालतो. ज्याच्यासाठी एड सूड घेत हिंडला होता, त्याच्याच हातून तो मरतो.

हाइम्समध्ये दोष आहेत. त्याच्या स्त्रिया बहुधा देहापुरत्याच उरतात, त्यांच्यावरची हिंसा तो विनोदाने लिहून जातो. पॅरिसमध्ये बसून रंगवलेले हार्लेम गोऱ्या वाचकाला तमाशासारखे वाटण्याची भीती आहे. सुरीखालच्या बाईच्या बाजूने ही कादंबरी लिहिली असती तर ती किती वेगळी झाली असती, हे आपल्या लेखिकांनी विचारले पाहिजे.

सूड हा शब्द आपल्या साहित्याला नवा नाही. बाबूराव बागुलांनी १९७०च्या आपल्या पुस्तकाला हेच नाव दिले. १९७२ साली आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून संघटनेचे नाव घेतले. काळ्यांचे साहित्य आपण तेव्हापासून बंधुभावाने वाचत आलो, पण बहुतेक कविता आणि आत्मकथने वाचली. त्यांच्या रहस्यकथेकडे आपण वळलो नाही. ती वाचली पाहिजे, कारण संतापाचे काय करायचे हा प्रश्न तिने टाळलेला नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले की संविधानाचे मार्ग उपलब्ध असताना रक्तरंजित मार्ग सोडले पाहिजेत. या वाक्यातली अट आपण विसरतो आणि प्रस्थापित मुद्दाम विसरतात. मार्ग उघडे ठेवण्याची जबाबदारी व्यवस्थेवर आहे. १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा पुस्तकात असून ठाण्यात तक्रारच नोंदवून घेतली जात नसेल, तर संयमाचा उपदेश पीडिताला नव्हे, त्या ठाणेदाराला केला पाहिजे. पण मार्ग बंद आहेत म्हणून मनाला येईल तिथे वार करणे हा विद्रोह नव्हे. तो वार बहुधा आपल्याच आळीत पडतो. विद्रोहाला शत्रू ओळखावा लागतो. सुडाला जवळचा कोणीही चालतो.

आज माझ्या वर्गातली कितीतरी मुले पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतात. ती नोकरी त्यांच्या घरची चूल पेटवणार आहे, आणि उद्या लाठी घेऊन कदाचित आपल्याच मोर्चासमोर त्यांना उभे करणार आहे. वर्दीतल्या आपल्या माणसाची ही कोंडी आपल्या कथेत अजून पुरेशी उतरलेली नाही. ती लिहिताना त्याला नायक करू नका, खलनायकही करू नका. त्याच्या हातातली लाठी कोणाची आहे आणि ती कोणाच्या पाठीवर पडते, एवढे प्रामाणिकपणे लिहा.